पॉइंट कुठे काढायचा?

उजेडावर आपल्या वार्षिकात दर वर्षी कविता असतात. ज्ञानाचा उजेड, आशेचा किरण, वादळातली पणती ही नेहमीची मंडळी. मी स्वतः मराठीची विद्यार्थिनी असल्यामुळे त्यांच्याविषयी काही वावगे बोलणार नाही. पण घरात दिवा नेमका कुठे लावायचा, कोणत्या भिंतीला, किती उंचीवर, कोणाच्या पुढे आणि कोणाच्या पाठीमागे, याविषयी कुणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न निघाला आणि त्यावरून चांगले पंधरा दिवस घरात धुसफूस चालली. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या घरी हे पंधरा दिवस गेले आहेत, ते हसणार नाहीत असे वाटते.

आमचे गाव कऱ्हेच्या काठचे. काठचे म्हणायचे ते नकाशापुरते; कारण कऱ्हेला पाणी असते त्याहून जास्त महिने नसते. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, कारखाने आणि भरून वाहणारा कालवा येतो. तो निरा डाव्या कालव्याखालचा भाग. आम्ही त्याच तालुक्यातले, पण सुपे-मोरगावच्या अंगाचे, जिरायती. बाजरी, ज्वारी, दोन गाई, आणि चौघा भावकीत एक विहीर, एवढा आमचा संसार. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात काहीही नवीन यायचे असले की आप्पा मला विचारतात, "तुमच्या कॉलेजात काय म्हंत्यात?" आणि मी काही सांगितले की म्हणतात, "कॉलेजातलं ऱ्हाऊ दे."

आमचे जुने घर धाब्याचे होते. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर पांढरी माती, खिडकी नावाला नाही. धाब्याला एक साने ठेवलेले, त्यातून दुपारी उजेडाचा खांब माजघरात उतरायचा आणि सूर्याबरोबर सरकत सरकत उतरंडीपाशी जाऊन विझायचा. त्या घरात तीन दिवळ्या होत्या. दिवळी म्हणजे भिंतीतच सोडलेला दिव्यापुरता कोनाडा. एक सोप्यात दाराशेजारी, एक जात्याच्या वर आणि एक चुलीच्या डाव्या अंगाला, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर. लहानपणी मला वाटे, जिथे जागा मिळाली तिथे भोक ठेवले असेल. आजीला विचारले तर ती म्हणाली, "आगं, दिवा डाव्या हाताला पायजे. उजव्या हातानं भाकर थापायची. हाताची सावली परातीत पडाय नको." घर बांधताना तिच्या सासूने गवंड्यापुढे चुलीच्या जागी बसून दाखवले होते म्हणे, आणि खांदा जिथे आला तिथे दिवळी ठेवायला लावली होती.

ही गोष्ट मी तेव्हा ऐकली आणि सोडून दिली. पुढे ती फार उपयोगी पडली.

त्या दिवळ्यांत घासलेटची चिमणी असायची. कंदीलही होता, ओगलेवाडीचा, 'प्रभाकर' छापाचा. कऱ्हाडजवळ १९१६ साली निघालेल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचे हे कंदील एके काळी महाराष्ट्रभर घरोघरी होते. स्वदेशीच्या दिवसांत आपल्या माणसांनी आपल्या मुलखात काच ओतली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण आमच्या घरातला तो कंदील आजीच्या हाती फक्त काच पुसण्यापुरता यायचा. राखेने काच लख्ख करायची, वात कातरायची, घासलेट भरायचे आणि आजोबांच्या हाती द्यायचा. कंदील विहिरीवर जायचा, पारावर जायचा, भजनाला जायचा. चुलीपुढे राहायची ती चिमणी. काजळी धरणारी, वारा आला की डोळा मारणारी. थोडक्यात, कंदील पुरुषांचा आणि चिमणी बायकांची, अशी वाटणी होती. ती कुणी केली नव्हती. असे वाटप कुणी करत नाही, ते होऊन जाते.

मग लाईट आली. (आमच्याकडे विजेला वीज कुणी म्हणत नाही. मोटारीला लाईट लागते, गिरणीला लाईट लागते, आणि दिव्यालाही लाईटच.) १९८८-८९ पासून 'कुटीर ज्योती' नावाची सरकारी योजना होती, त्यात गरिबाच्या घराला एका दिव्याची जोडणी मिळे. आमच्या वस्तीवर पहिले दिवे आले ते असे एकेका पॉइंटचे. घरात एकच दिवा लावायची मुभा असेल तर तो माणूस कुठे लावील? परीक्षेत घालण्यासारखा प्रश्न आहे. आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक घराने त्याचे एकच उत्तर दिले: सोप्यात. काही जाणत्यांनी सोपा आणि माजघर यांच्यामधल्या चौकटीच्या वर बल्ब टांगला, म्हणजे थोडा उजेड आतही सांडेल. आमचा तसाच होता, चाळीस वॅटचा. आत चुलीपर्यंत जो पोचायचा तो उजेड नव्हे, उजेडाची वार्ता. चुलीपाशी चिमणी राहिलीच.

दुसरा पॉइंट कधी निघाला ते सांगते. घरात संकरित गाय आली तेव्हा. पहाटे पाचला दूध काढायचे, सहाला डेअरीची गाडी. अंधारात धार काढून कसे चालेल? गोठ्यात साठचा बल्ब लागला. म्हणजे आमच्या घरात उजेडाचा क्रम असा: आधी पाहुणा, मग गाय, मग बाई. मी हे एकदा जेवताना बोलले, तर आप्पा म्हणाले, "गाय दूध देती." आई हसली. मला ते हसणे अजून नीट कळलेले नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे २०१२ पर्यंत तरी, भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेलाच नेमकी लाईट जायची. त्यामुळे चिमणी, बॅटरी, मेणबत्ती हाताशीच असे आणि कोणाच्या वाट्याला किती उजेड येतो याचा हिशेब करायची वेळच आली नाही. अंधार सगळ्यांना सारखा होता. २०१५ साली उजाला योजनेतले एलईडी दिवे स्वस्तात मिळू लागले. जुना साठचा बल्ब जेवढा उजेड देई तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, नऊ वॅटचा दिवा देतो. खोक्यावर छापलेले असते: आठशे-नऊशे ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे माप. घासलेटच्या साध्या चिमणीचा उजेड दहाएक ल्युमेनचा. म्हणजे आताचा एक दिवा ऐंशी-नव्वद चिमण्यांच्या बरोबरीचा. आमच्या आईने ऐंशी चिमण्या एका ठिकाणी कधी पाहिल्या नसतील. आणि तरीही परवापर्यंत ती अंधारात भाकरी थापत होती. हे कसे, ते सांगण्यासाठीच एवढे प्रास्ताविक.

गेल्या वर्षी आम्हांला घरकुल मंजूर झाले. प्रधानमंत्री आवास योजनेत एक लाख वीस हजार मिळाले आणि पंचवीस चौरस मीटरचे घर बांधायचे. आप्पांनी दुधाचे साठवलेले पैसे, आत्याकडून उसने आणि एक गाय विकून, असे करून त्यात मागे एक खोली वाढवली. जुने धाबे पाडले. आजी त्या दिवशी शेजारी जाऊन बसली.

आता जे सांगते ते ज्यांनी घर बांधले आहे त्यांनाच कळेल. स्लॅबच्या घरात दिवे कुठे लागणार हे दिवे आणताना ठरत नाही. ते स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी ठरते. सळईच्या जाळीत नळ्या अंथरायच्या असतात, पंख्याचे डबे बसवायचे असतात. एकदा काँक्रीट ओतले की नळी जिथे आहे तिथे आहे. मागाहून बदलायचे तर भिंतीला झिऱ्या पाडा, नाहीतर वरून पट्टी ठोका. त्या दिवशी वायरमन आला, गवंडी आले, चुलते आले, मावसभाऊ आला. वर जाळीवर उभे राहून सगळ्या पुरुषांनी हात करकरून दिवे ठरवले. आई आणि मी खाली तीन दगडांच्या चुलीवर दुसऱ्या दिवशीच्या पंचवीस माणसांच्या जेवणाची तयारी करत होतो. कुणी आम्हांला मुद्दाम वगळले असे नाही. आम्हांला वर बोलवावे असे कुणाच्या मनात आले नाही, आणि खरे सांगायचे तर आईच्याही मनात आले नाही.

पुढे प्लास्टर झाले आणि वायरमन खडू घेऊन भिंतींवर खुणा करायला आला. मजुरी पॉइंटवर असते. दिवा असो, पंखा असो की प्लग, तो एक पॉइंट. आप्पांनी बारा पॉइंटचे पैसे बांधले होते. वायरमनने वहीत लिहिलेली यादी मी वाचली. पुढच्या खोलीत झुंबर, ट्यूब, पंखा आणि टीव्हीचा प्लग. दारावर एक दिवा. गच्चीच्या कठड्याला दोन 'शोचे' दिवे. मधल्या खोलीत दिवा आणि पंखा. देवघराला एक. स्वयंपाकघरात दारावर एक दिवा आणि मिक्सरला एक प्लग. बारा झाले. मागे परसात न्हाणी आणि संडास, घरापासून वीसएक पावलांवर. त्यांच्यापुढे वायरमनने 'मागून बघू' असे लिहिले होते.

मी विचारले, "स्वयंपाकघरातला दिवा दारावर कशाला?"

"मग कुठं?" वायरमन म्हणाला. "दारावर असला म्हंजी सगळ्या खोलीत उजेड पडतो, ताई."

खोलीत पडतो, हे खरे. पण ओटा आहे समोरच्या भिंतीला. म्हणजे ओट्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईची पाठ दाराकडे, पाठीमागे दिवा, आणि तिची पूर्ण सावली तिच्याच हातांवर. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण समईच्या काळातली. आता दिवा भिंतीवर चढला आहे आणि अंधार तिथून उठून बाईच्या पुढ्यात येऊन बसला आहे.

मी हे आप्पांना सांगितले. पण त्याआधी घरात दुसरे एक कारण शिजत होते, ते सांगायला हवे. मार्गशीर्षात मला बघायला पाहुणे यायचे होते. घर नवे, मुलगी कॉलेजात, स्थळ इंदापूरकडचे, बागायती. झुंबर आणि शोचे दिवे हे त्या तारखेच्या आत पुरे व्हायचे होते. आत्या तर म्हणाली, "पुढच्या खोलीत पांढरी ट्यूबच लावा. पोरीला ट्यूबखाली बसवली का उजळ दिसती." गंमत अशी की याच आत्याबरोबर बारामतीत साडी घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. साडी दारापर्यंत आणवून, उन्हात धरून तिने रंग पाहिला. दिवा रंगाच्या बाबतीत खोटे बोलतो हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असते. फक्त साडी घेताना ते आठवते. आणि निळसर पांढऱ्या उजेडात माणूस उजळ वगैरे काही दिसत नाही, आजारातून उठल्यासारखा दिसतो. खोक्यावर जिथे ६५०० केल्व्हिन लिहिलेले असते तो हा उजेड. ३००० चा पिवळसर दिवा त्वचेला जास्त मानवतो. पण 'पिवळा' म्हटले की आमच्याकडे जुना, गरिबाचा, चाळीसचा बल्ब आठवतो, त्यामुळे तो कुणी घेत नाही.

आप्पांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पावन्यांना अंधारात बसवायचं?"

"ट्यूब आहे की! झुंबर नको म्हणते मी. आणि शोच्या दिव्यांचा काय उपयोग?"

यावर आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "डांबरीवरनं रातचं आलं का सगळ्यांची घरं दिसत्यात. आपलं कधी दिसलंच न्हाई. वळणावर आल्यावर मला अंदाजानं वळाय लागतं." शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. आप्पा रात्री एक-दोनला विहिरीवरून परत येतात. वस्तीवरचे आमचे धाबे अंधारात जमिनीशी एक होऊन जायचे, हे मलाही माहीत होते. शोचे दिवे पाहुण्यांसाठी आहेत असे मी समजत होते. ते आप्पांचे स्वतःचे होते. जेजुरीच्या गडाच्या वाटेवर पायऱ्यांकडेला एवढ्या दीपमाळा कुणी कुणी बांधल्या, त्याही लांबून दिसाव्यात म्हणूनच ना? तेव्हा लांबून दिसणाऱ्या दिव्याला मी उधळपट्टी म्हणू शकले नाही. पण म्हणून ओटा अंधारात ठेवावा, हेही पटेना.

आईला वाटले मी तिच्यासाठी भांडते आहे. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्यापायी कशाला गं वाद? मला सवय हाय. डोळं झाकून भाकरी करीन मी." आणि खरेच करील. तीच तर अडचण आहे. आई गेले वर्षभर तांदूळ निवडताना ताट दारात नेते, सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेते. डोळे तपासायला चल म्हटले तर "उजेडात दिसतंय की" म्हणते. मग उजेडात का नाही काम करायचे, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. आणि असते तरी तिने ते दिले नसते.

आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला असलेली माझी मैत्रीण त्या रविवारी घरी आली. तिच्या मोबाईलवर उजेड मोजायचे ॲप होते. ते काही प्रयोगशाळेचे यंत्र नव्हे, पण तुलना कळते. वायरमनकडून तात्पुरती वायर ओढून आम्ही दारावर नऊचा दिवा लावून पाहिला. ओट्यावर कुणी उभे नसताना आकडा आला ७०. आई उभी राहिली तर १८. पुढच्या खोलीत, जिथे करायचे काहीच नसते, तिथे ट्यूबखाली १६०. मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली: बल्ब आणि काम यांतले अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. लांब ट्यूबला हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, पण दिवा जवळ आणला की फायदा होतोच. म्हणजे ओट्याला मोठा दिवा नको, जवळचा दिवा हवा. समोरच्या भिंतीवर डब्यांची मांडणी आहे, तिच्या खालच्या बाजूला दोन फुटी, दहा वॅटची एलईडी पट्टी लावली तर ती हातांपासून दीड-दोन फुटांवर येते. पुढे अडसर म्हणून एक चिंचोळी फळी, म्हणजे दिवा डोळ्यांत जात नाही. आणि मध्यावर नको, शेगडीवर तर नकोच, फोडणीची वाफ आणि तेल दिव्यावर बसते. जरा डावीकडे सरकवून लावायची.

"डावीकडं," बाहेरून आजी म्हणाली.

ती उंबऱ्याबाहेर बसून सगळे ऐकत होती. उठून आत आली. वायरमनला तिने जुन्या घरातल्या तिन्ही दिवळ्या कुठे होत्या ते हाताने दाखवले, ओट्यापुढे उभी राहिली, आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हितं. माझ्या सासूनं हितं ठिवली व्हती. पाडताना मला कुणी इचारलं न्हाई."

वायरमन पन्नाशीचा, बऱ्याच घरांत खुणा केलेला माणूस. तो खडू कानामागे ठेवून जरा वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग आप्पांना म्हणाला, "आप्पा, म्हातारी म्हंती ते बराबर हाय. आमच्या घरात बी दारावरच हाय दिवा. मंडळी रोज वरडती, मला वाटायचं उगं वरडती."

मी वाटणी सुचवली. झुंबराचा पॉइंट नको, तो ओट्याला. कठड्याच्या दोन दिव्यांपैकी डांबरीकडच्या कोपऱ्यातला एक राहू दे, तो आप्पांना वळणावरून दिसेल. दुसरा काढून मागे न्हाणीच्या वाटेला. रात्री-अपरात्री आजी, आई आणि मी त्या वीस पावलांवर मोबाईलच्या उजेडात जातो. त्या वाटेवर पावसाळ्यात दोनदा घोणस निघाली आहे. या वाटेच्या दिव्याचे बटण दाराच्या आत आणि न्हाणीपाशी, दोन्हीकडे हवे. जिन्याला करतात तसे टू-वे. आप्पा म्हणाले, "कर बाबा, काय करायचं ते. पॉइंट बाराच ठेव." हे त्यांचे रागावून म्हणणे होते की पटून, ते मी विचारले नाही.

बारीकसारीक गोष्टींत मात्र बरेच ज्ञान मिळाले. बटण नेहमी लाल वायरवर, म्हणजे फेजवर हवे. काळ्या वायरवर दिले तर दिवा बंद दिसतो पण होल्डरमध्ये करंट असतो. आजीसाठी बोर्ड चार फुटांवर घेतला, पाच फुटांवर तिचा हात पुरत नव्हता. दिवा पांढरा घेतला तर त्यावर किडे जास्त येतात, म्हणून न्हाणीच्या वाटेला पिवळा घेतला. पावसाळ्याच्या तोंडी हुमणीचे भुंगेरे येतात तेव्हा हा फरक कळतो. आणि देवघराला वायरमन झिरोचा बल्ब लावणार होता. या झिरोच्या बल्बविषयी सांगितलेच पाहिजे. आपण सगळे समजत आलो की तो झिरो वॅट, म्हणजे फुकट. प्रत्यक्षात जुना झिरोचा बल्ब बारा ते पंधरा वॅट खायचा! जुन्या मीटरला एवढी बारीक वीज कळत नसे, म्हणून तो शून्य. आमच्या आईने आयुष्यभर दिवसरात्र तो देवापुढे ठेवला होता आणि ओट्यावर दिवा लावायला मात्र बिलाची काळजी. नव्या ओट्याची पट्टी दहा वॅटची आहे. रोज चार तास जळली तरी महिन्याला सव्वा युनिटाच्या आत.

स्लॅबमध्ये ओट्याकडे नळी नव्हती, त्यामुळे मिक्सरच्या बोर्डापासून भिंतीवरून पट्टी मारावी लागली. नव्या, गुळगुळीत भिंतीवर ती पांढरी पट्टी दिसते. चुलत्यांनी "शो घालवला" असे म्हटले. मला ती दिसली की बरे वाटते.

पाहुणे मार्गशीर्षात आले. सात माणसे, एक जीप. पुढच्या खोलीत ट्यूबखाली बसली, आत्याने मला बरोबर मधोमध बसवले. शिक्षण विचारले, पुढे शिकायचे आहे का विचारले. मी हो म्हटले. नवऱ्या मुलाचे काका छताकडे बघून "इथं झुंबर राहिलं वाटतं" म्हणाले. आप्पा म्हणाले, "मागून बघू." त्यांच्यातल्या एक मावशी पाणी प्यायला म्हणून आत आल्या त्या आतच राहिल्या. ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी ती पट्टी चालू-बंद करून पाहिली, हात खाली धरून पाहिला, आईला किंमत विचारली, कुठल्या दुकानातून आणली ते विचारले. जीपमध्ये बसतानाही त्या ओट्याविषयीच बोलत होत्या. त्यांच्याकडून निरोप काही आला नाही. आप्पांनी दोनदा फोन करून पाहिला, मग सोडून दिले. मी परीक्षेचा फॉर्म भरला.

आता अडचण वेगळीच झाली आहे. पुढच्या खोलीत टीव्ही आहे, ट्यूब आहे, नवी सतरंजी आहे, पण दिवे लागले की सगळे घर स्वयंपाकघरात. आजी तांदूळ घेऊन ओट्याच्या टोकाला बसते. आप्पांना डेअरीच्या पावतीवरचा फॅटचा बारीक आकडा तिथेच दिसतो. मी पाटावर वही ठेवून भिंतीला टेकते. हा लेखही तिथेच लिहिला. काल आईला परात ठेवायला जागा उरली नाही. ती पीठ भरल्या हातांनी उभी होती आणि म्हणत होती, "हला की जरा. माझ्या उजेडात समदी येऊन बसल्यात."